कादंबरीतला मराठवाडा: रहस्य आणि इतिहास (प्रकल्प नोंदी)

९ जून २०२४, लातूर

वाचक मंडळाच्या बैठकीत प्रकल्प मंजूर झाला. एक जाड रजिस्टर आणि भिंतीवर लावायला मराठवाड्याचा मोठा नकाशा, एवढंच मागितलं होतं. काम असं: पावसाळाभर रहस्यकादंबऱ्या आणि ऐतिहासिक कादंबऱ्या एकाआड एक वाचायच्या, प्रत्येकीची नोंद ठेवायची आणि गोष्ट जिथे आपल्या भागातून जाते तिथे नकाशावर टाचणी लावायची.

एकाआड एक का, असं बैठकीत विचारलं गेलं. आपल्या वाचनालयात ही दोन कपाटं समोरासमोर आहेत आणि त्यांचे वाचक एकमेकांकडे फिरकत नाहीत. ऐतिहासिकच्या कपाटापाशी निवृत्त मंडळी, रहस्याच्या कपाटापाशी अभ्यासिकेत कंटाळलेली मुलं. मला ही दोन्ही कपाटं एकाच जातीची वाटतात. दोन्हींत कुणीतरी आधीच मेलेलं असतं, आणि मागे राहिलेल्यांच्या जबान्यांवरून काय घडलं ते शोधायचं असतं. रहस्यकादंबरीत लेखकाला पुरावा वाचकासमोर मांडावाच लागतो, नाहीतर वाचक चिडतो. ऐतिहासिक कादंबरीला मात्र आपण ती सक्ती करत नाही. ती करून बघायची, हा या प्रकल्पाचा हेतू.

रजिस्टरचे रकाने: नाव, गोष्ट कधी आणि कुठे घडते, पुरावा वाचकाच्या हाती किती येतो, मराठवाडा कुठे आहे. शेवटचा रकाना बराच रिकामा राहील अशी भीती वाटते.

१४ जून

सुरुवात जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’पासून केली. १९५१ सालची कादंबरी. पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर ग्रँट खाटेवरून हलू शकत नाही. वेळ जावा म्हणून कुणीतरी त्याला जुनी चित्रं आणून देतं, त्यात इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचं चित्र निघतं. हाच तो राजा, ज्याने आपल्या दोन लहान पुतण्यांना मारलं असं तिथलं प्रत्येक पोर शाळेत शिकतं. ग्रँट त्या चेहऱ्याकडे बघत राहतो आणि ठरवतो की हा तपास पुन्हा करायचा. एक अमेरिकन तरुण त्याच्यासाठी कागद धुंडाळून आणतो.

मला सगळ्यात आवडलं ते ग्रँटचं साक्षीदारांना तपासणं. रिचर्डवरचा मोठा आरोप टॉमस मोरच्या लिखाणातून आला. रिचर्ड लढाईत पडला १४८५ साली, तेव्हा मोर सात-आठ वर्षांचा. म्हणजे ही ऐकीव साक्ष, आणि तीही रिचर्डच्या शत्रूच्या घरात वाढलेल्या माणसाची. ग्रँट हे वाचून पुस्तक फेकायला निघतो. इतिहास वाचताना माणसाला असा राग आला पाहिजे, असं मला वाटतं.

पण बाईंचा निकाल मला मान्य नाही. चेहरा सज्जन दिसतो हा पुरावा होत नाही. एका राजाला सोडवायच्या घाईत त्या दुसऱ्याला तितक्याच पटकन दोषी धरतात. रिचर्डचं कुबड ही निव्वळ बदनामी, असा कादंबरीचा सूर आहे. २०१२ साली लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा पाठीचा कणा वाकडा निघाला. त्याचा एक हात वाळलेला होता, ही दंतकथा मात्र खोटी ठरली. बदनामीत थोडं खरं मिसळलेलं असतं, आणि म्हणूनच ती टिकते. हे ग्रँटला कळायला हवं होतं.

संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलींना विचारलं, नारायणराव पेशव्याला कुणी मारलं? सगळ्यांनी एका आवाजात ‘ध चा मा’ सांगितलं. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, सुमेरसिंग. हे पाठ आहे. रामशास्त्र्यांनी तपास करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं, हेही. मी विचारलं, ते ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेलं पत्र पाहिलं कुणी? एक मुलगी म्हणाली, “मॅडम, परीक्षेत आलं तर आनंदीबाईच लिहावं लागतंय.” तिला तेच लिहायला सांगितलं. पण त्या कागदाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि तो हातात घेतलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, हेही सांगितलं. आनंदीबाईला ग्रँटसारखा एखादा खाटेवर पडलेला हट्टी माणूस मिळायला हवा. मग निकाल तिच्या विरुद्ध गेला तरी चालेल.

मराठवाडा: नाही.

२३ जून

विश्वास पाटलांची ‘पानिपत’, १९८८. पूर्वी वाचलेली, या वेळी नकाशा समोर ठेवून वाचली आणि वेगळीच दिसली.

पानिपतची गोष्ट आपण दिल्लीच्या थंडीत सुरू करतो. पण त्या मोहिमेचं दार आपल्या जिल्ह्यात आहे. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. तहात दौलताबादचा किल्ला आणि साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मिळाला. त्याआधीच, १० जानेवारीला, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले होते. ती बातमी आली आणि आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला ठरलं की उत्तरेला भाऊंनी जायचं. मार्चच्या मध्याला फौज परतूरहून निघाली. पुढच्या १४ जानेवारीला पानिपत.

रहस्याच्या कपाटातून आलेल्या वाचकाने इथे इब्राहिमखान गारद्याकडे बघावं. हा तोफखान्याचा माणूस आधी निजामाकडे होता. उदगीरला तो जुन्या मालकाच्या विरुद्ध उभा राहिला, आणि पानिपतावर समोर अब्दाली असताना, ‘आपल्या धर्माचे’ म्हणून पलीकडून बोलावणी येत असताना, भाऊंना सोडून गेला नाही. त्याचा हेतू काय? पगार? शब्द? तोफखान्यावर असलेलं प्रेम? पाटील त्याच्या इमानाला मोठी जागा देतात, आणि ती प्रकरणं कादंबरीतली सगळ्यात जिवंत आहेत. मला तरी ती भाऊंच्या प्रकरणांहून जास्त पटली, कारण भाऊंचं लेखकाने वकीलपत्र घेतलंय हे सतत जाणवत राहतं. ते घ्यायला हवंच होतं, इतकी वर्षं भाऊंवर एकतर्फी खापर फुटत होतं. तरी वकील बोलत असला की मी सावध होते.

आणि ते सावकारी पत्र! दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. पेशव्यांना पराभवाची बातमी कळली ती या सांकेतिक भाषेत. कुठल्याही रहस्यलेखकाने याहून चांगला संकेत रचलेला मी वाचलेला नाही, कारण यातला प्रत्येक शब्द व्यापाऱ्याच्या रोजच्या पत्रातला आहे.

आमच्या मंडळात एक निवृत्त भूकरमापक काका आहेत. टाचणी लावायला तेच उभे राहिले. “बाई, उदगीर तवा आपल्या जिल्ह्यात नव्हतं. बीदरमधी होतं. छप्पनला इकडं आलं.” त्यांनी टाचणीशेजारी पेन्सिलने जुनी हद्द काढून ठेवली. लातूर जिल्हाच मुळी १९८२ चा.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती एकट्या ‘पानिपत’ची नाही. उदगीरला लढाई होते, परतूरला खलबत होते, फौज निघून जाते आणि कादंबरीही तिच्याबरोबर निघून जाते. ज्या रानातून ती फौज गेली तिथल्या उभ्या रब्बीचं काय झालं? हजारो घोड्यांना वैरण कुणी दिली, कुणाकडून हिसकावली? आमचा भाग ऐतिहासिक कादंबरीत वाटेसारखा येतो. तिथे माणसं राहतात हे लेखकाच्या लक्षातच येत नाही.

मराठवाडा: उदगीर, परतूर. दोन टाचण्या.

३० जून

अगाथा ख्रिस्ती यांची ‘डेथ कम्स ॲज द एंड’. प्राचीन इजिप्त, चार हजार वर्षांपूर्वीचं एक शेतकरी-पुरोहित कुटुंब. घरात म्हातारा बाप तरुण रखेल आणतो आणि मग एकेक जण मरत जातो. एका खऱ्या इजिप्शियन माणसाच्या घरगुती पत्रांवरून बाईंना ही कल्पना सुचली. कोडं ठीक. घर मात्र उत्तम: कणगीच्या किल्ल्या कुणाकडे, धान्याचा हिशोब कोण ठेवतो, सुनांमध्ये कोण कुणाशी बोलत नाही. परवाच्या रब्बीच्या प्रश्नाचं उत्तर कसं देता येतं ते इथे दिसतं. मराठवाडा: नाही.

७ जुलै

उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’, १९८० ची. आठवडाभर दुसरं काही हातात घेतलं नाही.

उत्तर इटलीतला डोंगरावरचा मठ. आत एक अवाढव्य ग्रंथालय, बांधणी भूलभुलैयाची, ग्रंथपालाखेरीज कुणालाही आत जायला बंदी. मठातले भिक्षू एकामागून एक मरू लागतात आणि सगळे धागे एका पुस्तकाकडे जातात. कोणतं ते इथे लिहीत नाही; तो वाचणाऱ्याचा हक्क आहे. विल्यम नावाचा इंग्रज संन्यासी तपास करतो. त्याचा तरुण शिष्य म्हातारपणी ते सगळं लिहून काढतो. मधली शंभर पानं धर्मशास्त्राच्या वादांची आहेत. मंडळातल्या दोघांनी तिथेच पुस्तक ठेवलं. मी म्हणेन, ती पानं गाळू नयेत. ख्रिस्ताच्या मालकीचं काही होतं का, या वादावरून माणसं जाळली जात होती, हे अंगात भिनल्याशिवाय एका पुस्तकासाठी कुणी खून का करील ते पटत नाही.

गोष्ट घडते नोव्हेंबर १३२७ मध्ये. हे साल वाचून मी थांबले. त्याच १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. तिकडे तो मठ, इकडे आपला देवगिरी. यादवांचं राज्य बुडून जेमतेम नऊ-दहा वर्षं झालेली. किल्ल्याच्या अंधारीतून जे गेलेत त्यांना एकोचा भूलभुलैया समजावून सांगावा लागणार नाही: कातळातला काळोखा रस्ता, फसवी वळणं, वरून तेल ओतायच्या जागा. इब्न बतूता पुढे तिथे येऊन गेला आणि त्याने किल्ल्याच्या तळघरातल्या, मांजराहून मोठ्या उंदरांबद्दल लिहून ठेवलंय. कैद्यांना त्या तळघरात टाकत.

आणि बंदिस्त पुस्तकांची गोष्ट तर आपल्याकडे खरीच घडलेली आहे. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लुटली गेली. मग ज्यांना जेवढं आठवत होतं तेवढं त्यांनी पुन्हा लिहिलं. म्हणून आज त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. चक्रधर गोदाकाठी कुठे बसले, कुणाशी काय बोलले, पैठणला काय घडलं, याच्या या निरनिराळ्या साक्षी. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत, अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचताच येत नव्हतं.

हरवलेली पोथी, आठवणीतून जुळवलेला मजकूर, गुप्त लिपी, काळोखा किल्ला. मराठीत या चारांवर रचलेली मोठी रहस्यकादंबरी मी वाचलेली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. कुणीतरी लिहील म्हणून लिहिते. काकांना सांगून दौलताबाद आणि पैठणला वेगळ्या रंगाच्या टाचण्या लावल्या. हिरवी टाचणी म्हणजे इथली कादंबरी अजून लिहायची आहे.

१७ जुलै, आषाढी

वाचनालय बंद. सोयाबीनची कोळपणी चालू असल्याने मंडळातले निम्मे लोक तसेही शेतात आहेत. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) चाळत होते ती राक्षसभुवनासाठी. गेवराई तालुक्यातलं हे गोदाकाठचं गाव आपल्याकडे शनीसाठी माहीत. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्याने इथे निजामाच्या फौजेला गाठलं. निजाम नदीपलीकडे गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिलेला, आणि मधे श्रावणातली गोदावरी. दिवाण मारला गेला. ही लढाई नदीने ठरवली. माधवरावांच्या आजारपणापाशी आणि रमाबाईपाशी देसाईंची लेखणी फार हळवी होते, ते मलाही आवडतं. पण मला त्या दिवशी नदीला किती पाणी होतं ते वाचायचं होतं. टाचणी लावायची.

२१ जुलै, नळदुर्ग–तुळजापूर

आजचा दिवस फिलिप मेडोज टेलरसाठी होता. मंडळातले पाच-सहा जण जीप करून गेलो. वाटेत पाऊस.

टेलर निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. १८५३ मध्ये निजामाने जे मुलूख इंग्रजांकडे दिले त्यातला नळदुर्ग जिल्हा त्याच्या ताब्यात आला. आजच्या धाराशिवची ती जुनी हद्द. त्याच्या दोन कादंबऱ्या वाचल्या. पहिली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, १८३९. अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे बसून आयुष्य सांगतो. त्याच्या हिशोबात ७१९ खून आहेत, आणि तुरुंगात अडकलो नसतो तर हजार भरले असते अशी त्याला हळहळ आहे. वाटसरूंशी गोड बोलून ओळख काढणारा सोथा, रुमालाने गळा आवळणारा भुटोट, खड्डा खणणारा लुघा. कामाची वाटणी एखाद्या पेढीसारखी चोख. कुदळीची पूजा, शकुन, गुळाचा प्रसाद. अमरावतीकडून हैदराबादला जाणारा रस्ता या टोळीचा नेहमीचा. आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यात ‘एकट्याने पंथ धरू नये’ असं का यायचं, ते मला या पुस्तकाने सांगितलं.

जीपमध्ये यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाले, हे खरं घडलेलं आहे, टेलरने स्वतः जबान्या ऐकल्या होत्या. हो, ऐकल्या होत्या. पण त्या कुणाच्या? माफीच्या साक्षीदारांच्या. दुसऱ्याचं नाव सांगितलं तर स्वतःचा फास टळतो, अशा माणसांच्या. कोणताही वकील पहिला आक्षेप हाच घेईल. जबलपूरच्या स्लीमन साहेबाचं सगळं ठगी खातं अशा साक्षींवर उभं होतं, आणि त्यात खरं किती, वाढवलेलं किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. टेलरची कादंबरी थोर आहे असं मला तरीही वाटतं, कारण त्याने निवेदक म्हणून खुन्यालाच बसवलं. साहेब मधे फार बोलत नाही. अमीर अली इतका रसाळ बोलतो की मेलेल्यांचा विसर पडतो, आणि मग पुढे त्याच्या स्वतःच्या बहिणीपाशी गोष्ट येते तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागतं. मी ठेवलं होतं.

दुसरी कादंबरी ‘तारा’, १८६३. टेलरने तीन कादंबऱ्या शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने योजल्या: १६५७, १७५७, १८५७. ‘तारा’ त्यातली पहिली. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी, आणि मागे अफझलखान-शिवाजी प्रकरण. देवळाकडे उतरत जाणारी जागा, भोवतीचे डोंगर, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय हे जाणवतं. तारा मात्र बोलते त्या काळच्या इंग्रजी नायिकेसारखी. तिच्या तोंडी एकही ओळ आपल्या उंबऱ्यातली वाटत नाही. तरीसुद्धा मी या पुस्तकाला वरची जागा देते. एवढ्या जुन्या काळात एका परक्या माणसाने तुळजापूरला गोष्टीच्या मध्यभागी ठेवलं. वाट म्हणून नव्हे, घर म्हणून. ह. ना. आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीला सुरुवात केली तीही याच टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवरून, ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून. ही नाळ आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

नळदुर्गला पाणीमहालावर गेलो. बोरी नदीवरचा हा बांध दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाने नर-मादी हे धबधबे सुरू झालेले, त्या आवाजात बोलणं अशक्य. किल्ल्यापाशी एक म्हातारे मामा भेटले. आम्ही कशाला आलो ते सांगितल्यावर म्हणाले, “टेलर-बिलर राहू द्या. पुलाकडं जावा. अठ्ठेचाळीसला पलटण तिकडून आली.” ते पुढे काय बोलले ते काकांनी वेगळ्या वहीत उतरवून घेतलंय. त्याबद्दल नंतर.

मराठवाडा: तुळजापूर, नळदुर्ग. ‘तारा’साठी टाचणीभोवती वर्तुळही काढलं.

४ ऑगस्ट

मुलांचा दिवस. माझ्या शाळेतल्या आठवीच्या वर्गाला सत्यजित राय यांची वेरूळवरची, फेलूदा या गुप्तहेराची कथा तासातासाने वाचून दाखवली, आज संपली. अशोक जैनांचा मराठी अनुवाद. भुवनेश्वरच्या राजाराणी देवळातल्या यक्षीचं मुंडकं कापून नेलंय, त्याचा माग काढत फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि लेखक मित्र जटायू औरंगाबादला येतात आणि थेट कैलास लेण्यात पोचतात. तिथे सिनेमाचं शूटिंग चालू आहे, आणि मग एक प्रेत सापडतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा, म्हणजे मूर्तिचोरी तेव्हा रोजची बातमी होती. रायांनी लहान मुलांच्या कथेत तो राग आणला. फेलूदा चोरावर चिडतो तो पैशासाठी नाही. ज्या हातांनी ते घडवलं त्यांचा अपमान झाला म्हणून. कैलास वरून खाली कोरत आणलाय, चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही, हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला.

पुरावा वाचकाच्या हाती: भरपूर. दोन मुलांनी खरा बदमाश आधीच ओळखला आणि का ते फळ्यावर लिहून दाखवलं.

एका मुलीने विचारलं, आमच्या शिवारातल्या हेमाडपंती देवळात आत मूर्तीच नाही, ती कुठं गेली? मला उत्तर माहीत नव्हतं, कुणालाच नाही. तिला सांगितलं, आजोबांना विचार, त्यांनी कधी पाहिली होती का, आणि लिहून आण. आता वर्गातली बरीच मुलं आपापल्या गावचे वीरगळ आणि सतीशिळा मोजून आणू लागली आहेत. या नोंदी रजिस्टरच्या मागच्या पानांवर वेगळ्या ठेवते. गावांची नावं बाहेर सांगायची नाहीत असं ठरवलंय, चोरांना पत्ता मिळायला नको.

१८ ऑगस्ट

ना. सं. इनामदारांची ‘शहेनशहा’. औरंगजेबाला आतून बघायचा प्रयत्न मराठीत यांनी केला, आणि त्यासाठी किती धीर लागला असेल याचा विचार करत मी ती वाचली. ज्याच्या नावाने आपल्या अंगावर काटा येतो त्याला म्हातारपण, मुलांची भीती, एकटेपण देणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. संभाजीराजांचे हाल विसरायला इनामदार कुठेही सांगत नाहीत. फक्त ते करणारा माणूस होता, राक्षस नव्हता, एवढं दाखवतात. मला ते जास्त भीतीदायक वाटलं.

शेवटची पंचवीस वर्षं तो दख्खनेत होता. १७०७ साली अहमदनगरजवळ वारला आणि खुलताबादला पुरला गेला. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. १६१० साली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा, नहरीने शहराला पाणी देणारा, मोगलांना आयुष्यभर झुंजवणारा हबशी सरदार. गुलाम म्हणून विकला गेलेला एक पोरगा राज्याचा कर्ताधर्ता होतो. त्याच्या आयुष्यात दरबारी खून, कारस्थानं, विषप्रयोगाचे संशय, सगळं आहे. खुलताबादला एक लाल टाचणी, वाचलेल्या कादंबरीची, आणि एक हिरवी.

२ सप्टेंबर, पोळा

दोन दिवस नुसता पाऊस. परभणी-हिंगोलीकडे हाहाकार आहे, मंडळातल्या दोघांची नातलगांना फोन लावायची धावपळ चालली आहे. वाचन बंद. बाबूराव अर्नाळकरांची, झुंजार या त्यांच्या नायकाची एक जुनी रहस्यकथा उशाशी होती, ती संपवली. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिलेला हा माणूस. वेगाने वाचणारी एक अख्खी पिढी त्याने तयार केली, त्याबद्दल मला त्यांचं ऋण वाटतं. पुरावा: जवळजवळ नाही. तरी हातातून सुटत नाही.

१५ सप्टेंबर

रजिस्टर आज वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं, नकाशा भिंतीवर गेला. दोन्ही कपाटांच्या मधल्या जागेत तो लावावा असा मी आग्रह धरला होता, तो मानला गेला.

परवा १७ तारीख, मुक्तिसंग्राम दिन. नळदुर्गच्या मामांचं म्हणणं आता इथे लिहिते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत आलं ते नळदुर्गवरून. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेतला. मामा तेव्हा लहान होते. रझाकारांनी त्यांच्या चुलत्याला काय केलं ते त्यांनी सांगितलं. सैन्य आल्यावर गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांवर काय गुदरलं, तेही त्यांनीच सांगितलं, आणि दोन्ही सांगताना त्यांचा आवाज सारखाच होता. सैनिकी कारवाईनंतरच्या हिंसेची चौकशी करणारी सुंदरलाल समिती त्या काळात या जिल्ह्यांतून फिरली होती. तिचा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला.

या विषयावर मला टेसारखी, एकोसारखी कादंबरी हवी आहे. वाचकापुढे दोन्हीकडच्या जबान्या ठेवणारी, कुणाचंही वकीलपत्र न घेता. साक्षीदार आता नव्वदीत आहेत. मंडळापुढे ठराव मांडला: पुढचा टप्पा वाचनाचा नाही, ऐकण्याचा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण, सांगणाऱ्याची परवानगी, त्यांचं नाव गुप्त, आणि मजकुरात आपण एक शब्दही घालायचा नाही. बहुमताने मंजूर झाला. दोघांनी विरोध केला, ‘जुनं उकरू नये’ म्हणून; त्यांचं म्हणणंही रजिस्टरमध्ये जसंच्या तसं लिहून घेतलंय.

कामं: काकांनी निजामकाळातला तालुका नकाशा मिळवायचा. मी प्रश्नांचा कच्चा मसुदा करायचा. अभ्यासिकेतल्या दोन मुली शब्दांकन करणार आहेत, त्यांची परीक्षा झाल्यावर. मामांकडे दसऱ्यानंतर जायचं, सोयाबीनची रास झाली की.

‘द डॉटर ऑफ टाइम’ची प्रत अभ्यासिकेतली एक जण घेऊन गेलीय. परत आली की पुढे तिघांचे नंबर आहेत.